पोलिसांशी बोलणं झालं, तर मुलगा वाचतो?

प्रश्न : नात्यातला एक तरुण मोबाइलवरच्या भडक भाषणांच्या नादी लागला आहे. पोलिसांकडे जायची घरच्यांना धास्ती वाटते. पोलीस वस्तीशी बोलत राहिले, तर अशी मुलं खरंच मागे फिरतात का?

उत्तर : फिरतात. मात्र पोलिसांची ओळख आधीपासूनची हवी.

डेन्मार्कमधल्या आरहुस शहरात 2012 मध्ये मुलगा बेपत्ता असल्याच्या पालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. शोध घेतला तर मुलं सीरियाच्या युद्धात पोचलेली. 2013 पर्यंत असे सुमारे 30 जण गेले. त्यातले बरेचसे ज्या मशिदीत जात, ती बंद करा अशी राजकारण्यांची मागणी होती. पोलिसांनी तिच्या विश्वस्तांशी बोलणी चालू ठेवली. परतलेल्या मुलाला फोन जायचा, कॉफीला ये. गुन्ह्याचा पुरावा असेल तर खटला. नसेल तर शिक्षण, नोकरी, घर यासाठी मदत, आणि धर्मावर, राजकारणावर त्याच्याशी मोकळेपणाने वाद घालणारा एक मार्गदर्शक. 2014 मध्ये आरहुसमधून सीरियाला एकच जण गेला. सगळं श्रेय पोलिसांचं नसेल, पण शाळा, समाजकल्याण खातं आणि पोलीस तिथे 1970च्या दशकापासून एकत्र काम करत होते, म्हणून पालक फोन करायला धजावले.

भिवंडीचा अनुभवही असाच. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेल्या या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस ठाण्यातला कर्मचारी नियमित एकत्र बसत, नळाच्या भांडणापासून सगळ्यावर बोलत. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

उलटा दाखला ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचा. 2010 मध्ये मुस्लिम वस्त्यांत दोनशेच्या वर कॅमेरे लागले. लोकांना सांगितलं, गुन्हे रोखायला. पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला. हे उघड होताच लोक संतापले आणि कॅमेरे उतरवावे लागले. तसंच बोलण्याच्या आडून खबरे पेरले, की पुढची आई फोन करत नाही. माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक.

महाराष्ट्रातही दहशतवादविरोधी पथकाने काही तरुणांना अटक न करता समुपदेशनाने परत आणलं आहे. तेव्हा गुन्हा घडायची वाट पाहू नका. त्या मुलाशी आधी घरातल्या कुणी बोला, मग त्याच्या विश्वासातल्या शिक्षकाला किंवा मौलवी-पुजाऱ्याला सोबत घेऊन ठाण्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला भेटा. या आठवड्यातच भेटा.