भेदभावाची तक्रार : समेट कोठे व कायदा कोठे

शाळेत आपल्या मुलास वेगळी वागणूक मिळते अशी तक्रार घेऊन पालक आला, की ‘गावातले प्रकरण गावातच मिटवा’ असा सल्ला शिक्षकास चोहोकडून मिळतो. हा सल्ला नेहमीच वाईट नसतो. परंतु नेहमीच न्याय्यही नसतो. कोणती तक्रार समेटाने सोडवावी व कोणती सोडवू नये, हा विवेक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

मध्यस्थी व सलोखा

मध्यस्थ उभय पक्षांत बोलणे घडवून आणतो. तोडगा पक्षांनीच शोधावयाचा असतो. सलोखा घडविणारा एक पाऊल पुढे जाऊन तोडगा सुचवितोही. मात्र दोघांपैकी कोणीही निर्णय लादीत नाही.

समेट कोठे योग्य

समजा, ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेल्या कुटुंबाची मुलगी वर्गात सदैव मागे बसविली जाते व तिला प्रश्न विचारले जात नाहीत. पालकांस हा अपमान वाटतो. मागे पडलेल्या मुलीस संकोच नको, असे शिक्षकास वाटते. येथे बोलण्याने मार्ग निघू शकतो. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत :

१. तक्रार लिहून घ्यावी. पालक निरक्षर असल्यास लिहिलेले त्यास वाचून दाखवावे.

२. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याने मध्यस्थ होऊ नये. मुख्याध्यापकाविरुद्ध तक्रार असल्यास केंद्रप्रमुखास पाचारण करावे.

३. प्रथम दोन्ही पक्षांचे स्वतंत्रपणे ऐकावे. मुलीस सर्वांसमोर उभे करू नये.

४. ‘यापुढे नीट वागू’ हा समेट नव्हे. बैठक आळीपाळीने बदलणे, बुडालेल्या पाठांची रोज अर्धा तास उजळणी करणे, महिन्याने आढावा घेणे, अशी निश्चित कलमे लिहावीत.

५. समेट ऐच्छिक असावा. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो, हे पालकास आरंभीच सांगावे.

समेट कोठे नको

पाण्याचा पेला वेगळा, जेवणाची पंगत वेगळी, ही अस्पृश्यता होय. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने ती नष्ट केली आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात असे गुन्हे न्यायालयाच्या परवानगीने आपसांत मिटविण्याची सोय होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली व कायद्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. शाळेत प्रवेश दिल्यानंतर अस्पृश्यतेच्या कारणावरून भेदभाव करणे, हाही त्या कायद्याने गुन्हा आहे.

यामागील तत्त्व उघड आहे. ज्याच्या शेतावर मजुरीस जावयाचे, त्याच्यासमोर बसून मजुराने दिलेली संमती ही बहुधा भीतीची संमती असते. शिवाय, ‘पेला वेगळा, पण स्वच्छ ठेवू’ असा मधला मार्ग काढला, तर अन्याय मिटत नाही; त्यावर पंचांची मोहोर मात्र उमटते. अशा प्रसंगी वेगळी व्यवस्था त्याच दिवशी बंद करावी, गटशिक्षणाधिकाऱ्यांस लेखी कळवावे आणि पोलिसांकडे जाण्याचा हक्क पालकास समजावून द्यावा. तक्रार मागे घेण्याविषयी शिक्षकाने एक शब्दही काढू नये.

गावात शांतता नांदावी ही इच्छा रास्तच; परंतु तिची किंमत सर्वांत लहान मुलाने चुकती करावी, हे शाळेस शोभणारे नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत पाणी व भोजन यांची वाटणी कोण करते? त्या कामाची पाळी सर्व मुलांस मिळते काय?

२. समेटास आलेला पालक मोकळेपणाने बोलतो आहे, हे कशावरून ओळखावे?