पाळी कोणाची?



एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, असे आपल्या खानदेशात परंपरेने मानतात. तिथे बकासुराला पाळीपाळीने एकेका घरातून माणूस द्यावा लागे. पांडवांच्या यजमानावर पाळी आली, तेव्हा कुंतीने आपल्या भीमाला पाठवले. पद्मालयजवळचे भीमकुंड लोक आजही याच कथेशी जोडतात.

संत जॉर्ज यांची आख्यायिकाही अशीच आहे. नगराला छळणाऱ्या महासर्पासाठी चिठ्ठ्या टाकून माणूस निवडला जाई. राजकन्येची चिठ्ठी निघाली आणि जॉर्ज धावून आले. जॉर्ज हुतात्मा झाले, ही ख्रिस्तसभेची प्राचीन साक्ष आहे. सर्पाची कथा मात्र कित्येक शतकांनंतरची. ती आपल्या श्रद्धेचा विषय नव्हे.

मग तिचे मोल काय? दोन्ही कथा एकच विचारतात : दुसऱ्याच्या पाळीला कोण उभा राहील? प्रभू येशूने कालवारीवर उत्तर दिले. १९४१ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत फादर मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी एका कुटुंबवत्सल कैद्याऐवजी स्वतः मरण पत्करले. ही आख्यायिका नव्हे, इतिहास आहे.

आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवायची पाळी आपल्याही घरात येते. 'आज माझी पाळी नाही' म्हणण्याआधी एकदा क्रूसाकडे पाहू या.

– आपला धर्मगुरू