जीवकाचा वारसा : अस्थिशल्यविशारद होण्याची वाट

भगवान बुद्धांच्या काळातील थोर वैद्य जीवक याची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. जन्मतःच उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल. राजपुत्र अभयाने त्याला उचलून वाढविले. पुढे जीवक तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. सात वर्षांनंतरही या विद्येला अंत कधी, असा प्रश्न त्याला पडला होता. देवदत्ताने लोटलेल्या शिळेच्या कपचीने तथागतांच्या पायाला जखम झाली, तेव्हा औषध लावून पट्टी बांधणारा हाच जीवक होता, असे परंपरा सांगते.

आपल्या समाजातील मुलामुलींनी हा वारसा पुढे चालवावा, विशेषतः हाडांच्या शस्त्रक्रियेकडे वळावे, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या भागाची गरज

वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचे गाव. सभोवार उसाचा पट्टा. हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर याच रस्त्याने जातात, त्यातूनच मोटारसायकली वाट काढतात. हात-पाय मोडलेला माणूस हा येथे नवलाचा विषय नाही. वाकून खुरपणी करणाऱ्या बायाबापड्यांचे गुडघे आणि कंबर पन्नाशीच्या आतच बोलू लागतात. मजुराचा पाय वाकडा जुळला तर त्याची रोजंदारी जाते आणि पाठोपाठ मुलांची शाळा सुटते. म्हणून सरळ जुळलेले हाड म्हणजे सावरलेले घर होय.

या शाखेत महाराष्ट्राने मोठे काम केले आहे. डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ साली पुण्यात रुग्णालय सुरू केले. परदेशी कृत्रिम गुडघे सामान्यांना परवडत नव्हते, म्हणून त्यांनी भारतीय बनावटीचा ‘इंडस’ गुडघा विकसित केला. त्यांना १९९१ साली पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण व २०१२ साली पद्मविभूषण मिळाले.

शिक्षणाच्या पायऱ्या

(१) बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ परीक्षा द्यावी. आता बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१९ साली ते १०० जागांनी सुरू झाले.

(२) एम.बी.बी.एस. साडेचार वर्षे व त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवाही असते.

(३) यानंतर ‘नीट-पीजी’. २०० प्रश्न, बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. अस्थिरोग शाखेला मागणी असल्याने क्रमांक चांगला लागतो.

(४) एम.एस. (अस्थिरोग) किंवा डी.एन.बी., प्रत्येकी तीन वर्षे. येथे विद्यार्थी निवासी डॉक्टर म्हणून राबतो. मोडलेले हाड जागेवर बसविणे, प्लास्टर घालणे, वजन लावून पाय ताणात ठेवणे, पुढे पट्टी-स्क्रू व रॉडच्या शस्त्रक्रिया, असे हात घडत जातात. रात्रपाळ्या असतात, प्रबंधही लिहावा लागतो.

(५) त्यापुढे मणका, सांधेरोपण, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, हाताची शस्त्रक्रिया, लहान मुलांचे अस्थिरोग अशा उपशाखांत आणखी प्रशिक्षण घेता येते.

हे काम ताकदीचे, म्हणून पुरुषांचेच, असा समज आहे. तो सोडावा. हाड बसविण्यात बळापेक्षा युक्ती व सराव मोठा. आपल्या मुलींनी मागे राहू नये.

वाट कोठे अडते?

मी वैद्यकातला नव्हे. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. पण शैक्षणिक कर्जाचे कागद हाताळताना एक गोष्ट वारंवार दिसली. आपली मुले बारावीला अडत नाहीत, एम.बी.बी.एस.नंतर अडतात. वडील म्हणतात, “डॉक्टर झालास ना? आता दवाखाना टाक, बहिणीचे लग्न काढायचे आहे.” नीट-पीजीच्या अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे घरी बसणे, असे सर्वांना वाटते. एकदा नंबर हुकला की मुलगा कुठेतरी नोकरी धरतो आणि विषय संपतो.

अशा वेळी बाबासाहेबांचे चरित्र आठवावे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. त्यांनी नोकरी केली, पैसा साठविला, स्नेह्यांची मदत घेतली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. मिळविली. खंड पडणे वेगळे आणि सोडून देणे वेगळे.

पालकांनी हे जाणावे

शासकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना दरमहा विद्यावेतन मिळते. घरून पैसे पाठविण्याची पाळी सहसा येत नाही, उलट मुलगा घराला हातभार लावू शकतो. म्हणजे खरा प्रश्न परीक्षेच्या तयारीच्या एका वर्षाचा आहे.

राज्य कोट्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के व अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के जागा राखीव आहेत. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदादुरुस्तीने मिळाल्या. त्यामागे मोठा लढा आहे, त्याचे मोल ठेवावे. जात प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र वेळेत काढावे. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करणाऱ्यांची जागा हातची जाते. शिष्यवृत्ती व शुल्कमाफीचे अर्ज महाडीबीटीवर भरावेत. व्यवस्थापन कोट्याच्या जागेला या सवलती धरू नयेत. तेथील फी प्रचंड असते आणि साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जास बँक सामान्यतः तारण मागते. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याने तारण आणावे कोठून? म्हणून शासकीय जागेसाठी आणखी एक वर्ष अभ्यास करणे हेच स्वस्त.

मंडळापुढे एक सूचना

आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. हार, पुस्तक, टाळ्या. ते चांगलेच आहे. पण त्यानंतर त्या मुलाचे काय झाले, हे आपण विचारतो का? एम.बी.बी.एस. झालेल्या एका विद्यार्थ्याची तयारीच्या वर्षाची खोली, खानावळ व क्लासची फी मंडळाने सभासदांच्या वर्गणीतून उचलावी. नोकरीस लागल्यावर त्याने ती रक्कम परत करावी, म्हणजे पुढच्याला मिळेल. हिशेब ठेवण्याचे काम मी आनंदाने करीन.

१७४१ साली निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने अस्थिशास्त्राला ‘ऑर्थोपेडिक्स’ हे नाव दिले. त्याच्या ग्रंथात एक चित्र आहे : वाकडे वाढणारे झाड भक्कम खांबाला दोरीने बांधलेले. तेच आज जगभर या शास्त्राचे चिन्ह आहे. झाड आपल्या जोरावर वाढते, पण काही काळ खांब लागतो. जीवकाला अभय राजपुत्र मिळाला. आपल्या मुलांना आपण मिळावे.

जय भीम! नमो बुद्धाय!