साबुदाणा वडा करा, पण त्याच्यावर विसंबू नका



पौर्णिमेच्या उपोसथाला आपल्या अनेक घरांत साबुदाणा भिजतो. आजारी माणसाला साबुदाण्याची पेज, बाळाला साबुदाण्याची खीर आणि सुट्टीच्या दिवशी साबुदाणा वडा. हा पांढरा दाणा हलका, पवित्र आणि ताकदीचा, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वडा चवीला छानच लागतो, तो घरी जरूर करावा. समजूत मात्र तपासून घ्यावी, कारण तिचा फटका बाळांना, गरोदर बायकांना आणि शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना बसतो.

साबुदाणा येतो कुठून?

साबुदाणा हे धान्य नाही. तो शेतात कणसाला लागत नाही. आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा तामिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. तिथे कसावा, म्हणजेच टॅपिओका नावाचा कंद पिकतो. हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. कारखान्यात कंद सोलून, धुऊन, वाटून त्याचं दूध काढतात. दुधाचा साका खाली बसला की त्याचे गोल दाणे करतात, ते भाजतात किंवा वाफवतात आणि वाळवतात. या सगळ्यात कंदातला चोथा आणि इतर सत्त्वं निघून जातात. उरतो तो निव्वळ स्टार्च.

म्हणून १०० ग्रॅम साबुदाण्यात साधारण ८५ ग्रॅम स्टार्च असतो आणि प्रथिनं अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. तेवढ्याच ज्वारीत प्रथिनं सुमारे १० ग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. साबुदाणा पोट भरतो, पण अंग भरत नाही. रक्तवाढीला लागणारं लोहही त्यात नावालाच असतं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच पाहणीत दिसलं आहे. अशा वेळी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी सोडून साबुदाण्याला भारी समजणं आपल्याला परवडणारं नाही.

उपोसथ आणि उपवास

अष्टशीलातला विकालभोजनाचा नियम वेळेचा आहे. दुपारी बारानंतर जेवायचं नाही, एवढंच त्यात आहे. अमुक धान्य चालतं आणि अमुक चालत नाही, असा भेद त्यात नाही. धान्य सोडून साबुदाणा खाण्याची रीत आपण मागे टाकलेल्या व्रतवैकल्यांतून आली आहे. भगवान बुद्धांनी तर शरीर सुकवणारी तपश्चर्या सोडून सुजाताची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग सांगितला. त्यामुळे उपोसथाच्या दिवशी बाराच्या आत भाकरी, डाळ, उसळ, भाजी असं पूर्ण जेवण घ्यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसंच शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय संध्याकाळचं जेवण सोडू नये.

वडा असा करा

साबुदाणा आपल्यासाठी उपवासाचा पदार्थ नाही, याचा एक फायदाही आहे. वड्यात काय घालायचं हे आपण ठरवू शकतो.

साहित्य : साबुदाणा १ वाटी, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट १ वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी, उकडलेले मध्यम बटाटे २, बारीक चिरलेला कांदा १, मूठभर चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, जिरे, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस.

१. साबुदाणा दोन-तीन पाण्यांनी धुवा. दाण्यांच्या जेमतेम वर येईल इतकंच पाणी ठेवून चार-पाच तास भिजवा. दाणा दोन बोटांत दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे. मध्ये टणक कण लागला तर पाण्याचा हबका मारून आणखी झाकून ठेवा.

२. मुगाची डाळ दोन तास भिजवून, निथळून जाडसर वाटा. बटाटे पूर्ण गार झाल्यावरच कुस्करा. गरम बटाट्याने पीठ चिकट होतं आणि वडा तेल पितो.

३. साबुदाणा चाळणीत निथळून सगळं एकत्र मळा. वरून पाणी घालू नका. सैल वाटलं तर चमचाभर ज्वारीचं पीठ घाला.

४. तळहातावर चपटे वडे थापा. जाड गोळा आत कच्चा राहतो.

५. मध्यम आचेवर, कढईत मावतील तेवढेच वडे सोडा. खालची बाजू घट्ट झाल्याशिवाय उलटू नका.

एवढ्या साहित्यात बारा वडे होतात. शेंगदाणे आणि डाळीमुळे एका वड्यात साधारण ३ ग्रॅम प्रथिनं येतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, म्हणजे तुलना लक्षात येईल. तेल कमी हवं असेल तर हेच पीठ तव्यावर थालीपिठासारखं लावा किंवा आप्पेपात्रात भाजा. सोबत दही किंवा मटकीची उसळ घ्या. शुगर असेल तर एखादाच वडा आणि तोही जेवणात धरून.

तळताना सांभाळा

ओल्या किंवा अर्धवट भिजलेल्या दाण्यात वाफ कोंडते, मग वडा तेलात फुटतो आणि तेल उडतं. एका खोलीच्या घरात चूल, मुलं आणि अंथरूण जवळजवळच असतात. तळताना मुलांना बाहेर बसवा. भाजलंच तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल, चेहरा किंवा हात भाजला असेल, लहान मूल असेल तर लगेच दवाखाना गाठा.

काळं पडलेलं, फेस येणारं, वास मारणारं तेल पुन्हा वापरू नका. बुरशी लागलेले, कडू लागणारे शेंगदाणेही फेकून द्या. त्यांतलं विष भाजल्याने जात नाही.

बाळ आणि आजारी माणूस

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर दुधासोबत मऊ डाळ-भात, कुस्करलेली भाकरी-डाळ, उकडलेलं अंडं, केळं. नुसत्या साबुदाण्याच्या खिरीवर बाळ गुबगुबीत दिसेल, पण त्याची वाढ नीट होणार नाही. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. बारीक कूट द्या.

जुलाब लागले तर साबुदाण्याच्या पेजेवर थांबू नका. क्षारसंजीवनी पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताईंना भेटा. तापातून उठलेल्या माणसाला पेज दिलीत तर तिच्यासोबत मुगाचं वरण किंवा अंडंही द्या.

येत्या पौर्णिमेला विहारात भोजनदानाची पाळी असेल, तेव्हा साबुदाण्याच्या पातेल्याशेजारी हरभऱ्याच्या उसळीचं पातेलं ठेवा. लहान मुलांच्या आणि गरोदर मातांच्या ताटात आधी उसळ वाढा, वडा नंतर. आणि या महिन्यात अंगणवाडीत बाळाचं वजन करून कार्डावर लिहून घ्यायला विसरू नका.