उसाचें चिपाड आणि रुथेनियम धातु

कृष्णाकांठच्या आमच्या या दोन जिल्ह्यांत उसाची ओळख कोणास करून द्यावी लागेल असें नाहीं. सांगलीकडील मुलूख १९४९ सालीं साताऱ्यापासून वेगळा होऊन प्रथम 'दक्षिण सातारा' झाला, व १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगलीचें नांव मिळालें. परंतु सीमा बदलली तरी महाबळेश्वरावरून उतरणारी कृष्णा दोहोंस सारखीच, आणि तिच्या कांठचा ऊंसही सारखाच. वाई, कऱ्हाड, वाळवें या तालुक्यांतील मुलांस गुऱ्हाळाचा वास व साखर कारखान्याचें धुराडें हीं दोन्हीं परिचयाचीं आहेत. रस निघाल्यावर जें चिपाड उरतें, त्याजकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. गुऱ्हाळांत तें वाळवून चुलवाणांत घालतात. कारखान्यांत तेंच बगॅस या नांवानें बॉयलरखालीं जातें. त्या चिपाडाविषयीं, आणि ज्याचा त्याच्याशीं सकृद्दर्शनीं कांहींच संबंध दिसत नाहीं अशा रुथेनियम नांवाच्या एका दुर्मिळ धातूविषयीं, चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. एक टन, म्हणजे १००० किलो, ऊंस गाळला असतां आपल्याकडे साधारणतः ११० ते १२० किलो साखर हातीं येते. त्याच उसाचें ओलें चिपाड २८० किलोंच्या आसपास भरतें. त्यांत निम्में पाणी. तें वजा जातां सुमारें १४० किलो कोरडा भाग राहिला. या कोरड्या भागांत शेंकडा चाळीस किंवा त्याहून थोडें अधिक सेल्युलोज असतें. म्हणजे टनामागें सुमारें ६० किलो सेल्युलोज आपण आगींत घालतों. आतां हें सेल्युलोज म्हणजे काय, असें रसायनशास्त्रास विचारावें, तर उत्तर मिळतें कीं ती साखरच आहे! तासगांवच्या द्राक्षांत आणि मधांत ग्लुकोज नांवाची जी साखर असते, तिचे शेंकडों-हजारों रेणु एकापुढें एक ओवून जी लांब माळ होते, तिचेंच नांव सेल्युलोज.

हें खरें असेल तर चिपाड खाऊन आपलें पोट कां भरूं नये? ही शंका योग्य आहे. ज्वारीच्या भाकरींतील पिष्ट हीसुद्धां ग्लुकोजचीच माळ. पण पिष्टांतील दुवे अशा रीतीनें जोडलेले असतात कीं माळ वळणें घेते व सैल राहते, आणि आपल्या पोटांतील पाचक रस ती सहज तोडतात. सेल्युलोजमध्यें प्रत्येक दुसरा रेणु उलटा फिरवून बसविलेला असल्यामुळें माळ सरळ होते, व अशा अनेक सरळ माळा एकमेकींस चिकटून त्यांची घट्ट जुडी बनते. तिच्यांत पाण्याचाही शिरकाव होत नाहीं. बैल वाढें व कडबा खाऊन नांगर ओढतो, तो त्याच्या पोटांतील सूक्ष्म जंतूंच्या साहाय्यानें. त्या जंतूंवांचून त्याचीही गति आपल्यासारखीच झाली असती.

ही जुडी सोडविण्याची एक रीति जुनी आहे. १८१९ सालीं ब्राकोनो नांवाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तागाच्या चिंध्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून त्यांपासून साखर काढली होती. परंतु तीव्र आम्ल भांडें खातें, तें शेवटीं चुन्यानें मारावें लागतें, आणि त्यापासून होणाऱ्या गाळाचे ढीग कोठें टाकावे हा प्रश्न उरतोच. शिवाय मोकळी झालेली साखर त्याच तापांत बिघडूं लागते. काहील वेळेवर उतरली नाहीं तर गूळ करपतो, हें गुळव्यास सांगावें लागत नाहीं. येथेंही तोच धोका आहे: माळ तोडण्यास जितकी उष्णता द्यावी, तितकी सुटलेली साखर काळी पडण्याचें भय अधिक. आमच्या मतें या विषयांतील खरी अडचण हीच होय.

येथें उत्प्रेरकाची गोष्ट सांगणें अवश्य आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत प्राणवायु तयार करण्याचा प्रयोग वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिला किंवा वाचला असेल. पोटॅशियम क्लोरेट नुसतें तापविलें तर पुष्कळ उष्णता लागते. त्यांत थोडें मँगॅनीज डायॉक्साइड मिसळलें कीं प्राणवायु बऱ्याच कमी उष्णतेवर भराभर निघूं लागतो. मागाहून नळींतील अवशेष पाण्यांत कालवून गाळला, तर तें काळें चूर्ण जितकें घातलें होतें तितकेंच परत मिळतें. जो पदार्थ क्रियेस वेग देतो व स्वतः खर्ची पडत नाहीं, तो उत्प्रेरक. तेलाचें वनस्पती तूप होतें तेंही निकेल धातूच्या बारीक चूर्णावर तेलास हायड्रोजन जोडून. धातूंच्या या गुणाबद्दल साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञास १९१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

रुथेनियम हा याच कामांतील मोठा कुशल कारागीर आहे. उरल पर्वतांतील खनिजापासून प्लॅटिनम काढून घेतल्यावर जो गाळ उरे, त्यांतून कार्ल क्लाउस यांनीं १८४४ सालीं रशियांतील कझान येथें हा धातु शोधून काढला. पुष्कळ खटपटीनंतर त्यांच्या हातीं आला तो अवघा ६ ग्रॅम! रशियाच्या जुन्या लॅटिन नांवावरून त्यांनीं त्यास रुथेनियम म्हटलें. शुभवर्तमानांतील पांच भाकरींच्या कथेंत सर्वांचें पोट भरल्यावर उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून गोळा केले गेले. क्लाउस यांचें काम त्याच जातीचें होतें. पुढें सेंद्रिय रसायनांत या धातूनें मोठा लौकिक मिळविला. जपानचे नोयोरी यांनीं त्याच्या साहाय्यानें औषधी द्रव्यांच्या डाव्या व उजव्या रूपांपैकीं हवें तेंच रूप बनविण्याची कृति सिद्ध केली, व २००१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. २००५ सालीं तोच मान अमेरिकेचे ग्रब्ज यांस इतर दोघांबरोबर लाभला. दोन गाड्यांच्या जोड्या सोडून बैलांची अदलाबदल करावी व नव्या जोड्या जुंपाव्या, तशी रेणूंतील कार्बनच्या जोड्यांची अदलाबदल ग्रब्ज यांचे रुथेनियमयुक्त पदार्थ करतात.

आतां मूळ विषयाकडे वळूं. जपानांतील साप्पोरो येथें होक्काइदो विद्यापीठांत फुकुओका आणि परेश ढेपे या दोघां शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. ढेपे पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत काम करूं लागले. ही संस्था १९५० सालापासून पाषाण रस्त्यावर उभी आहे. या दोघांची युक्ति अशी कीं, माळ तोडणें व सुटलेल्या साखरेस सांभाळणें हीं दोन्हीं कामें एकाच भांड्यांत, एकाच वेळीं व्हावीं. सेल्युलोज, पाणी आणि एखाद्या सच्छिद्र घन पदार्थावर पसरलेला थोडासा धातु हीं बंद भांड्यांत घालून, हवेच्या सुमारें ५० पट दाबानें हायड्रोजन भरून, तें १९० अंशांवर २४ तास तापविलें. ग्लुकोज सुटतांच धातु त्यास हायड्रोजनचे दोन परमाणु जोडून देतो व त्याचें सॉर्बिटॉल होतें. सॉर्बिटॉल हें उष्णतेस ग्लुकोजपेक्षां पुष्कळच खंबीर असल्यामुळें तें करपण्यापूर्वीं वांचतें. अनेक धातु वापरून पाहिले, त्यांत प्लॅटिनम व रुथेनियम हे सरस ठरले. उत्तम प्रयोगांत सेल्युलोजचा शेंकडा तीस भाग सॉर्बिटॉल व त्याचें भावंड मॅनिटॉल यांच्या रूपानें हातीं आला. तीव्र आम्लाचा थेंबही लागला नाहीं.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००७ सालीं, पेकिंग विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं कोळशावर पसरलेलें रुथेनियम घेऊन पाण्याची उष्णता सुमारें २४५ अंशांपर्यंत चढविली, तेव्हां अर्ध्या तासांत शेंकडा ३९ पर्यंत मजल गेली. इतकें तापलेलें पाणी स्वतःच किंचित् आम्लधर्मी होऊन माळ तोडतें, आणि निवल्यावर पुन्हां साधें पाणी होतें. मारण्यास चुना नको व टाकण्यास गाळ नाहीं. हा भाग आम्हांस विशेष सुंदर वाटतो.

सॉर्बिटॉलचा उपयोग काय, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. दांत घासण्याच्या मलमांत व खोकल्याच्या औषधांत तें असतें, मधुमेह्यांच्या मिठाईंत साखरेऐवजीं घालतात, आणि राइखश्टाइन यांनीं १९३३ सालीं बसविलेल्या कृतीनें क जीवनसत्त्व बनविण्याचा आरंभच त्यापासून होतो. आज तें बहुधा मक्यासारख्या धान्याच्या पिष्टापासून करतात. माणसाच्या ताटांतील धान्य न घेतां तें चिपाडापासून निघालें, तर त्याचें महत्त्व आणखी सांगण्याची गरज नाहीं.

मग कारखाने चिपाड जाळतात तें अज्ञानानें काय? मुळींच नव्हे. त्याच आगीवर रस आटतो, त्याच वाफेवर वीज निघते, आणि उरलेली वीज विकून कित्येक कारखान्यांस चार पैसे मिळतात. चिपाड फुकट जातें असें म्हणणाऱ्यानें एकदां बॉयलरपाशीं उभें राहून पाहावें. उलटपक्षीं, प्रयोगशाळेंतील शुभ्र सेल्युलोज निराळें व शेतांतून आलेलें चिपाड निराळें: त्यांत लिग्निन असतें, माती व वाळूचा अंश असतो, आणि हीं धातूवर बसलीं कीं त्याचें काम मंदावतें. क्रियेअंतीं न विरघळलेला चोथा व उत्प्रेरक एकत्र मिसळलेले राहतात. ते वेगळे कसे करावे? रुथेनियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून प्लॅटिनमबरोबर थोडथोडें मिळतें, तेव्हां त्याचा कण वायां घालवून चालणार नाहीं. हायड्रोजनचाही खर्च आहेच.

ढेपे व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास दुसऱ्या बाजूनेंही प्रयत्न केला आहे. चिपाडांत सेल्युलोजशिवाय हेमिसेल्युलोज नांवाचा जो सैलसर भाग असतो, तो झिओलाइटासारख्या घन आम्लांच्या साहाय्यानें, कोणताही मौल्यवान् धातु न वापरतां, त्यांनीं फोडून दाखविला. १२ सालच्या, म्हणजे २०१२ च्या, त्यांच्या निबंधांत उसाचें चिपाड, भाताचें तूस व गव्हाचा भुसा यांवरील प्रयोग आहेत. त्यांतून झायलोज नांवाची साखर आणि फुरफुराल हें उपयुक्त द्रव्य निघतें. साखरेचे हे भाग काढून घेतल्यावर मागें राहतें तें लिग्निन, आणि वजनास वजन धरलें तर तें सेल्युलोजपेक्षां अधिक उष्णता देतें. तेव्हां बॉयलर विझविण्याचें कारण नाहीं. चिपाडाचा किती भाग आगीस द्यावा व किती भांड्यांत घालावा, एवढाच हिशेब कारखान्यास मांडावा लागेल.