पुळणीवरचा तंबू

अगं छकुले, काल फोनवर म्हणालीस, "ताई, डॉर्नॉक म्हणजे गोल्फवाल्यांचं गाव. तिथं आम्ही तंबू घेऊन कशाला जायचं?" रात्रभर ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. सात वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणून ते नाव यादीतून खोडलं होतं. पुढची दोन वर्षं उगाच फुकट घालवली.

तिथं गोल्फ खेळल्याची नोंद 1616 सालची आहे. पण 'लिंक्स' म्हणतात ती जमीन मुळात कसली, माहितीय? समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची पट्टी. नांगराला नालायक म्हणून मेंढ्यांना सोडलेली. आपल्या मुरुडला सुरूच्या बनाखाली पाय रुततात ना, तसलीच. पुळणच की ती! पुळणीवर वाढलेल्या पोरीनं तिथं परकं कशाला वाटून घ्यायचं?

शिवाय तिथं स्कॉटलंडात 2003 च्या कायद्यानं पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिलाय. गोल्फच्या मैदानातून समुद्राकडे जायलाही हरकत नसते. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, मात्र पाय ठेवायचा नाही. कुणी चेंडू मारायला उभं राहिलं की असशील तिथंच थांब, बोलणंही बंद. आणि चेंडू तुमच्याकडे येतोय म्हणून "फोर!" अशी आरोळी आली तर वळून बघू नकोस, डोक्यावर हात घेऊन खाली वाक. पोरांकडून हे आधी घरीच करून घे.

शक्यतो मे महिन्यात जा. इन्व्हरनेसपासून सत्तरेक किलोमीटर आहे. गाडी नेणार नसलात तर तिथून बस घ्या, डॉर्नॉकची रेल्वे 1960 सालीच बंद झाली. मे महिन्यात टेकाडांवर गॉर्सची काटेरी झुडपं पिवळीधम्मक फुललेली असतात. ऊन पडलं की त्या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो! मी पहिल्यांदा हुंगला तेव्हा आजीच्या माजघराची आठवण येऊन डोळे भरून आले होते. तुला सांगते, त्या वासासाठी तरी जाच.

आता तंबूचं. तळ पुळणीला लागूनच आहे आणि वारा जोर धरतो. तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत टिकत नाहीत. पहिल्याच रात्री आमच्या चार उपटल्या. शेजारच्या आजीबाईंनी आपल्या लांब, रुंद खुंट्या आणून दिल्या आणि स्वतः वाकून ठोकल्याही. तेव्हापासून मी तसल्याच वापरते. वाऱ्याला कंटाळू नकोस, तो पडला की मिज नावाची चिलटं तोडून खातात. पण कितीही गारठलात तरी तंबूच्या आत शेगडी पेटवायची नाही. चहासाठीसुद्धा नाही. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास. याबाबतीत मी तुझं काही ऐकून घेणार नाही.

एका दुपारी पोरांना जवळच्या लॉक फ्लीटच्या खाडीवर ने. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यांवर सील लोळत असतात. लांबूनच बघा.

आणि एका संध्याकाळी गावातल्या एका शिळेपाशी जाऊन ये, एकटीच. जेनेट हॉर्न नावाच्या म्हातारीला चेटकीण ठरवून तिथं जाळलं. शिळेवर 1722 कोरलंय, बरेच जण 1727 मानतात. चेटकीण म्हणून ब्रिटनमध्ये कायद्यानं दिलेला तो शेवटचा मृत्युदंड. लेकीचे हातपाय वाकडे होते, त्याचाही दोष आईवरच घातला. म्हणतात, लेक तेवढी निसटली. मी तिथं बराच वेळ उभी होते. मागं मैदानावर कुणीतरी शांतपणे चेंडू मारत होतं आणि रात्रीचे साडेनऊ वाजले तरी लख्ख उजेड होता.

नवा तंबू विकत घेऊ नकोस, माझाच ने. लांब खुंट्या निळ्या पिशवीत आहेत. दाराची चेन डाव्या कोपऱ्यात अडकते, तिथं हलक्या हातानं ओढ.