फटका हाताचा, जोर पायांचा

मागच्या आठवड्यात आपण मानदुखीचा विचार केला. आजचा विषय मात्र काही जणांना आपल्या गावाबाहेरचा वाटेल. विषय आहे गोल्फचा. नाशिकला ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हटले की आपल्याला आठवतात ते क्रिकेटचे सामने आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी. गोल्फ तिथे नावापुरताच उरला आहे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याला कारण एक रुग्ण.

वय ६२, सरकारी नोकरीतून निवृत्त. पत्नीचे निधन झालेले, मुलगा पुण्यात नोकरीला. मुलाकडे गेले की त्याच्याबरोबर गोल्फ खेळायला जाऊ लागले आणि त्यात चांगलेच रमले. पण मुलाचा चेंडू आपल्या चेंडूच्या ५०-६० पावले पुढे पडतो, ही गोष्ट मनाला लागली. त्यांनी घरी डंबेल्स आणले, दंड कमवायला सुरुवात केली आणि अंगणात रोज शंभर वेळा सगळा जोर लावून काठी फिरवू लागले. तिसऱ्या आठवड्यात कंबर अशी धरली, की दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढायला दोघांचा आधार लागला.

मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, खेळ सोडा एवढे सांगू नका. मुलाशी चार तास निवांत बोलणे होते, ते तिथेच.”

मी नवा डॉक्टर होतो तेव्हा अशा रुग्णाला ‘तीन आठवडे फळीवर झोपून राहा आणि यापुढे वाकू नका’ असे सांगून मोकळा होत असे. पुष्कळ जणांना सांगितलेही. फार दिवस पडून राहिल्याने पाठीचे स्नायू अधिकच दुबळे होतात आणि दुखणे लांबते, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. म्हणून या वेळी तसे केले नाही. गंभीर काही नाही याची तपासणीने खात्री करून घेतली, वेदना कमी होईपर्यंत थोडी औषधे दिली, घरातल्या घरात चालत राहायला सांगितले आणि मग त्यांचा फटका नेमका कुठे चुकतो ते समजावून दिले. तेच आज आपल्यासाठी लिहीत आहे.

फटका कसा बसतो?

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४६ ग्रॅमचा. मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूच्या काठीचे टोक त्यावर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास असतो. काठी वरून खाली येऊन चेंडूवर आदळायला सुमारे पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात एवढा वेग नुसत्या दंडाच्या बळावर येत नाही.

ज्वारीच्या शेतात गोफण चालवणारा राखणदार आठवा. त्याचे दंड काही पैलवानाचे नसतात, तरी दगड सणसणत जातो. पाय रोवलेले, कंबर वळते, मग खांदा, मग हात आणि शेवटी दोरीचे टोक. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्या भागाला देतो. गोल्फचेही तसेच आहे. उजव्या हाताने खेळणारा आधी भार उजव्या पायावर घेऊन वरचे अंग वळवतो. परत येताना सुरुवात जमिनीपासून होते. डावा पाय रोवला जातो, मग नितंब वळतात, मग छाती, मग खांदे व हात आणि सर्वांत शेवटी काठी. क्रिकेटमधला षटकार, गोलंदाजाचा चेंडू, लाकूड फोडणाऱ्याची कुऱ्हाड या सर्वांमागे हेच गणित आहे. फटका हाताने बसतो, पण त्याचा जोर पायांतून आणि नितंबांतून येतो.

कमरेला का भोगावे लागते?

कमरेत पाच मणके असतात. ते पुढेमागे वाकण्यासाठी चांगले, पण पीळ देण्यासाठी नव्हेत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १० ते १५ अंश वळतात. छातीमागचे बारा मणके आणि खुब्याचे सांधे हे वळण्याचे खरे मानकरी. पण खुर्चीवर व दुचाकीवर वर्षानुवर्षे बसून साठीच्या माणसाचे नेमके हेच भाग आखडलेले असतात. तरी फटका मारायचा म्हणून माणूस जोराने वळतोच. मग उरलेले वळण कमरेकडून वसूल होते.

आमच्या रुग्णाला खुर्चीत ताठ बसवले, हात छातीवर आडवे ठेवायला सांगितले आणि नितंब न हलवता वळायला लावले. साधारण ४५ अंश वळता यायला हवे. ते त्याच्या निम्मेही वळेनात. अशा अंगाला दंडाची ताकद आणि रोजचे शंभर झटके, म्हणजे गंजलेल्या बिजागरीचे दार लाथ मारून उघडण्यासारखे झाले.

जगातले मोठे खेळाडूही यातून सुटलेले नाहीत. टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वेळी मणके सांधावे लागले. २०१९ मध्ये तो पुन्हा मास्टर्स स्पर्धा जिंकला, पण त्याच्या दिमतीला असलेली तज्ज्ञ मंडळी आपल्याजवळ नाहीत. अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बोने व्यायाम व आहाराने अंग भरले, फटका लांबवला आणि २०२० ची यूएस ओपन जिंकली. त्याची दृश्ये मोबाइलवर पाहून पन्नाशी-साठीचे लोक वजने उचलू लागतात. तो तेव्हा २७ वर्षांचा होता, हे विसरले जाते.

आधी सैल, मग बळकट, मग चपळ

हा क्रम मोडू नये. प्रत्येक टप्प्याला निदान चार ते सहा आठवडे द्यावेत.

१) सांधे मोकळे करणे (रोज १० मिनिटे) : खुर्चीत बसून वर सांगितल्याप्रमाणे दोन्ही बाजूंना सावकाश दहा-दहा वेळा वळावे. नंतर कुशीवर झोपून गुडघे पोटाकडे घ्यावेत, दोन्ही हात समोर जुळवावेत आणि वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे न्यावा. नजर हाताबरोबर फिरवावी. खुब्यासाठी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून पाय जरा रुंद ठेवावेत आणि दोन्ही गुडघे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे हलकेच झुकवावेत.

२) बळ वाढवणे (आठवड्यातून तीन दिवस) : खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. सेतुबंधासनात नितंब उचलून पाच अंक मोजणे, दहा वेळा. गुडघ्यांवर व हातांवर ओणवे राहून उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय जमिनीला समांतर उचलणे. कोपरांवर व चवड्यांवर अंग फळीसारखे सरळ धरणे, सुरुवातीला १० सेकंद पुरे. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही हातांनी छातीकडे ओढणे. श्वास कोठेही रोखू नये.

३) वेग आणणे (आठवड्यातून दोन दिवस) : दुखणे पूर्ण थांबल्यावरच. एक ते दोन किलोची वाळूची पिशवी दोन्ही हातांनी नितंबाजवळ धरावी, पाय व नितंब वळवून मोकळ्या मैदानात बाजूला फेकावी. समोर कोणी नाही हे आधी पाहावे. प्रत्येक बाजूला पाच-सहा वेळाच, पण चपळाईने, आणि मध्ये दम खावा. दमून केलेला वेगाचा व्यायाम मंद होतो आणि दुखापत करतो. रोज शंभर झटक्यांची चूक हीच होती.

आपल्या तालमीतले मुद्गल आणि करेला हे फिरवण्याचेच व्यायाम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ते हिंदुस्थानात पाहिले आणि आपल्या फौजेच्या कवायतीत घेतले. ‘इंडियन क्लब’ या नावाने ते युरोप-अमेरिकेत गेले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्येही त्यांच्या स्पर्धा झाल्या. खांदे मोकळे ठेवण्यास ते उत्तम आहेत. मात्र साठीत सुरुवात करणाऱ्याने हलकी जोडी घ्यावी आणि जाणत्या वस्तादाकडून शिकावे.

कोणी सावध राहावे?

रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे व्यायाम करू नयेत. व्यायाम करताना छातीत दुखले, जबड्यात वा डाव्या हातात कळ गेली, दम कोंडला तर थांबून लगेच रुग्णालय गाठावे. कंबरदुखीबरोबर पायात मुंग्या वा अशक्तपणा, रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप किंवा वजन घटणे असेल तर तपासणी करून घ्यावी. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. मालिशवाल्याकडे जाऊन वेळ घालवू नये.

जे गोल्फ खेळत नाहीत त्यांच्यासाठी

वय वाढते तशी स्नायूंची ताकद कमी होतेच, पण ती झटकन वापरण्याची क्षमता त्याहून लवकर कमी होते. उंबऱ्याला ठेच लागल्यावर आजीचा दुसरा पाय वेळेवर पुढे पडतो की नाही, हे याच चपळाईवर अवलंबून असते. पाय वेळेवर पडला नाही की खुब्याचे हाड मोडते. म्हणून खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम घरातल्या प्रत्येक ज्येष्ठाने करावा. सावकाश बसावे, जमेल तसे झटकन उठावे, शेजारी आधाराला टेबल असू द्यावे. जोडीला रोजच्या जेवणात डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडे असावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमचे रुग्ण पाच महिन्यांनी पुन्हा मैदानावर गेले. आल्यावर सांगायला दवाखान्यात आले, पायऱ्या एकटे चढून. मी विचारले, “चेंडू मुलाच्या पुढे गेला का?”

“नाही हो. अजून तीसेक पावले मागेच पडतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चपला घालायला वाकलो, आणि वाकलो हे लक्षातही आले नाही.”

मी त्यांना आपल्या अदिती अशोकची गोष्ट सांगितली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक थोडक्यात हुकले. तिचा फटका इतरांपेक्षा आखूड होता. भोकाजवळच्या नेमक्या टोल्यांनी तिने तो फरक भरून काढला. ते हसले आणि म्हणाले, “मग आता तेच शिकतो.”

(पुढील आठवड्यात : टाचदुखी)